आईच्या मनगटावरील शस्त्रक्रियेविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेले दोन्ही एक्स-रे मी येथील अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. आईचे मनगटाजवळ मोडून मागे झुकलेले रेडियस हाड प्लास्टरपूर्वी ओढून बसवल्यावर बऱ्यापैकी सरळ झाले आहे. हात वाकडा राहू नये म्हणून प्लेट आत्ताच घालावी, हा बाबांचा आग्रह काळजीपोटी आहे. तरीही एवढ्यात होकार देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

या शस्त्रक्रियेत तळहाताच्या बाजूने चीर देऊन हाडावर धातूची पट्टी ठेवतात. तिचे स्क्रू पट्टीतच आट्यांनी घट्ट बसत असल्याने ठिसूळ हाडातही आधार टिकतो आणि मनगट लवकर हलवता येते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील चाचणीत 65 वर्षांवरील 73 रुग्णांत प्लेट आणि प्लास्टर यांची तुलना झाली होती. प्लेटवाल्यांचे पहिले काही महिने अधिक सुखाचे गेले, हाड एक्स-रेत अधिक सरळ दिसले आणि पकडीचा जोरही जास्त राहिला. मात्र वर्षअखेरीस वेदना, मनगटाची हालचाल आणि रोजची कामे यांत फरक उरला नाही, उलट गुंतागुंत त्यांच्यातच अधिक झाली. पट्टी जरा जास्त पुढे बसली, तर अंगठा वाकवणारा स्नायुरज्जू तिच्यावर घासून काही महिन्यांनीही तुटू शकतो. आईचे शिवणकाम त्याच अंगठ्यावर चालते, म्हणून मला ही भीती वाकड्या हाताहून मोठी वाटते.

प्लास्टरमध्ये हाड पुन्हा सरकू शकते, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक्स-रे चुकवू नका. ते बरेच सरकले किंवा सांध्याच्या पृष्ठभागात पायरी पडली, तर मीही प्लेटच्याच बाजूने असेन आणि मग दिवस घालवू नयेत, कारण हाड तसेच जुळू लागल्यावर ते काम अवघड होते.

तोवर आईने हात उशीवर उंच ठेवावा, बोटे दिवसभर पूर्ण उघडून मिटावीत आणि अंगठी अजून बोटात असेल तर ती आजच काढावी. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढत गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. साध्या पडण्याने हाड मोडले आहे, तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही याच महिन्यात करून घ्या. पुढच्या भेटीत बाबांनी डॉक्टरांकडे तिची चिठ्ठी मागावी.

तुमची लेक