फटाके फुटतात म्हणून इंजेक्शन काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवरचा लेख इथे कॅलिफोर्नियात ऑनलाइन वाचला, छान होता पण एक सल्ला अजिबात पटला नाही. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गाडी झटके मारते, सायलेन्सरमधून फटाके फुटतात, तर फ्युएल इंजेक्शन काढून सरळ कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारं जुन्या पद्धतीचं यंत्र, बसवा म्हणे. अहो असं कसं? माझी १९७७ची डॅटसन २८०झेड आहे, सहा सिलिंडर, २.८ लिटर, बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन, आणि तिला नेमका हाच आजार झाला होता. इथल्या गॅरेजवाल्यानेही आधी सहाच्या सहा इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) नवे घाला म्हणून सांगितलं, काहीही न तपासता!

या सिस्टिममध्ये आत येणारी हवा एक फ्लॅप मोजतो आणि त्या हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. आता फ्लॅप आणि इंजिनाच्या मधे कुठून चोरून हवा शिरली की ती मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडतं, सिलिंडर मिस होतो आणि न जळलेलं मिश्रण गरम एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं, तोच तो फटाका. इनटेकमधून उलटा धडाका येत असेल तर पातळ मिश्रणाचा किंवा चुकलेल्या टायमिंगचा (ठिणगी पडण्याच्या वेळेचा) संशय आधी घ्यायचा. कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मिस्त्रीला चटकन लक्षात येत नाही की ऑइल भरायचं झाकण, डिपस्टिकचं रबर, व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग यातून शिरलेली हवासुद्धा इथे मिश्रण बिघडवते, कारण क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा ऑइलचा भाग, होजने इनटेकला जोडलेला असतो.

त्यामुळे फुकटातली टेस्ट अशी, की इंजिन आयडलवर चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. इंजिन अडखळलं किंवा बंद पडायला आलं तर चांगलं लक्षण. काहीच फरक पडला नाही तर समजायचं हवा आधीच दुसरीकडून शिरतेय. मग फ्लॅपपासून थ्रॉटलपर्यंतचा (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेपर्यंतचा) जाड रबरी होज हाताने वाकवून बघा, त्याच्या घड्यांमधल्या भेगा नुसत्या बघून दिसत नाहीत. व्हॅक्युमचे बारीक पाईप आणि इंजेक्टरची सीलही बघा.

अर्थात त्याच्याही आधी प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप, टायमिंग आणि वायरी १-५-३-६-२-४ या क्रमानेच लागल्यात ना हे बघून घ्यायचं. प्लग बाहेर काढलाच आहे तर रंग बघा, पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळी काजळी असेल तर जास्त होतंय.

प्लग काळा निघाला तर थर्मोस्टॅटच्या घरावरच्या कूलंट टेंपरेचर सेन्सरकडे वळा, इंजिन किती गरम झालंय ते तोच कॉम्प्युटरला सांगतो. २० डिग्रीला त्याचा रेझिस्टन्स साधारण अडीच हजार ओहम असतो, ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास उतरतो. कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला की रेझिस्टन्स वाढतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल ओततच राहतो. माझ्या गाडीत हेच निघालं. सेन्सर उत्तम होता, कनेक्टर तेवढा सडलेला, तो बदलला आणि आयडलिंग एकदम शांत झालं, इंजेक्टर अजून जुनेच आहेत.

एवढं करूनही फरक पडला नाही तर गेज लावून पेट्रोलचं प्रेशर बघा, प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाईप काढल्यावर ३६ पीएसआयच्या आसपास यायला हवं. तेही बरोबर असेल तर मग इंजेक्टरचा विचार करा, त्याआधी नाही.

आणि कार्ब्युरेटरचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात १९७६ पासून पुढच्या मॉडेलच्या गाड्यांना स्मॉग चेक (सरकारी प्रदूषण तपासणी) लागतो, त्यात कंपनीचं इंजेक्शन जागेवर आहे का हेही बघतात. म्हणजे लेखातला सल्ला ऐकला तर माझ्यासारख्याची गाडी पास होणारच नाही. त्या लेखमालेच्या पुढच्या भागात एवढी दुरुस्ती जरूर छापा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कॅलिफोर्निया