बीव्ही १४१ आणि काचेचा पिंजरा

नाशिक, रविवार

प्रिय मिलिंद,

‘आता कुठलं वेडंवाकडं विमान आणलंस?’ असं तू विचारलंस. या खेपेचं अक्षरशः वाकडं आहे. ब्लोम उंड फॉस या जर्मन कंपनीचं दुसऱ्या महायुद्धातलं बीव्ही १४१; हॉबीबॉस कंपनीचं, जोडून बनवायचं प्लास्टिकचं किट, १:४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं. पंखांची लांबी जवळपास ३६ सेंटिमीटर, त्यामुळे माझं अर्धं टेबल त्यानेच अडवलंय.

इंजिन आणि शेपटी एका धडात, आणि तिघे जण बसतात ती काचेची केबिन त्याच्या उजवीकडे, पंखावर स्वतंत्र. शेपटीचा आडवा पंख फक्त डावीकडे. हिने जोडलेला सांगाडा पाहिला आणि म्हणाली, “पेटीत एक तुकडा कमी आलाय, परत कर.” खरं तर उजवा भाग मुद्दामच काढलाय, मागच्या बंदूकवाल्याला आडवं काही येऊ नये म्हणून.

आणि गड्या, हे उडायचं! १९३८ मध्ये पहिलं नमुना-विमान उडालं. इंजिनाचा पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरताना विमान उलट्या बाजूला कलंडू पाहतं. इथे केबिनचं वजन त्याला दुसरीकडून ओढून धरतं. हे मी कितीदा तरी वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते दोन्ही धडं पंखावर बसवून हातात धरली तेव्हा. म्हणून तर मला असली किटं आवडतात. स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान सुंदरच, पण ते जोडताना ‘हे असं का?’ हा प्रश्न पडत नाही.

बीव्हीचा जनक रिचर्ड फोक्ट त्याआधी जपानात कावासाकीकडे विमानं आखत होता. टेहळणीसाठी चौफेर दिसेल असं एक इंजिनाचं विमान हवं, ही जर्मन हवाई खात्याची मागणी. निवड मात्र दोन इंजिनांच्या फोके-वुल्फ १८९ ची झाली. बीव्हीचं पहिलं इंजिन कमी ताकदीचं, आणि नंतरचं बीएमडब्ल्यू ८०१ लढाऊ विमानांनाही हवंच होतं. थोडीच बनली, आज एकही शिल्लक नाही. म्हणजे बघायचं तर प्लास्टिकचंच!

कटकट एकच, ती केबिन. नुसत्या काचा आणि पट्ट्या. प्रत्येक काचेवर टेप कापून लावायचा, मग रंग. इन्स्टंट गोंदाच्या वाफेने काच पांढुरकी होते, म्हणून ती फेव्हिकॉलने चिकटवणार.

पुढचा नंबर ग्रुमन एक्स-२९ चा, पुढे वळलेल्या पंखांचा. तो आपण दोघं मिळून करू. दिवाळीत येताना बारीक मास्किंग टेप आण, इथे सगळा रंगाऱ्यांचा जाडा मिळतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या