दुकानाच्या काचेतला ऑस्कर

सांगली,
२४ मे

प्रिय विन्या,

फोटो मिळाले. एकवीस मेला, सकाळी शटर निम्मं वर ढकललं होतं तेवढ्यात खिशात फोन वाजला. तीन वर्षांत तुझा एक शब्द नाही आणि फोटोंखालीही एक शब्द नाही. एकात कोर्टासमोरचा आपल्या जिमीचा, हॉलिवूडचा नट जिमी स्टुअर्टचा पुतळा, दुसऱ्यात नुसती एक बँक. शेजारचा पानवाला डोकावून म्हणाला, "बँकेचा फोटो कोण पाठवतं हो?" त्याला काय सांगणार? तसाच हात वर धरून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

फोनवर उत्तर लिहायला घेतलं, जमेना. चार ओळी लिहायच्या आणि पुसायच्या. म्हणून हे पत्र. जुन्या बिलबुकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय, मागच्या बाजूला अण्णांच्या अक्षरात कुणाकुणाची उधारी दिसेल ती वाचत बसू नकोस.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, डावा गुडघा जिन्यावर कुरकुरतो. झालं.

विन्या, दुकान विकायचं ठरतंय. दहा जूनला इसारपत्र. घेणारा सगळी इमारत पाडून नवी बांधणार आहे आणि तळमजल्यावर बँकेची शाखा येणार आहे. आता तुला कळेल, तुझा दुसरा फोटो बघून माझ्या अंगावर काटा का आला. घराबाहेर मी कुणाशी बोललेलो नाही. तुला सांगणारं कुणी नव्हतं. तू आपला जिमीच्या वाढदिवसाला त्याच्या गावी गेलास, त्याच्या बापाचं दुकान जिथं होतं ती जागा शोधलीस, तिथं बँक दिसली, तिचा फोटो काढलास आणि धाडून दिलास. चाळीस वर्षं पिट्सबर्गच्या आसपास राहून तासा-दीड तासावरच्या त्या गावी जायला तुला आत्ता सुचलं, हे मात्र मी विसरणार नाही!

इंडियाना नावाचं गाव पेनसिल्वेनियात असतं यावर आपली हॉस्टेलवर पैज लागली होती आणि तू हरला होतास. मसाला डोसा अजून येणं आहे.

रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की त्या दुकानातच जातो. जे. एम. स्टुअर्ट अँड कंपनी, आजोबांच्या नावाचं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, फावडी. गल्ल्यावर अलेक्झांडर, जिमीचा बाप. तीन लेकरं, त्यात मुलगा हा एकच. पोरगा प्रिन्स्टनला जाऊन १९३२ साली आर्किटेक्ट होऊन बाहेर पडला, ऐन मंदीत, बांधकामं बंद. तो गेला नाटकात. बापाला नाटक-सिनेमा म्हणजे काही धंदा वाटतच नव्हता. आपल्याकडं लोखंडाच्या दुकानदाराच्या पोरानं तमाशात जातो म्हटल्यावर जे झालं असतं तेच.

आणि तो अकॉर्डियन! एका गिऱ्हाइकाला उधारी फेडता येईना, त्यानं पैशाऐवजी अकॉर्डियन आणून दिला आणि जिमी त्यावर वाजवायला शिकला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माळ्यावरच्या सतारीकडं बघून मोठ्यानं हसलो होतो. मिरजेच्या त्या वाद्यवाल्यानं कानशी, स्क्रू आणि पॉलिश नेऊन नेऊन दीड वर्षाची उधारी केली आणि शेवटी सतार आणून ठेवली, "अण्णा, ही घ्या आणि वही फाडा." अण्णांनी खरंच पान फाडलं. तू त्या सतारीवर दिवाळीच्या सुट्टीत जे काय करायचास, त्याला आई मांजरं भांडताहेत म्हणायची.

ऑस्करची गोष्ट तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण त्यातली एक बाजू मी तुझ्यापाशी कधी बोललेलो नाही. फेब्रुवारी १९४१. 'द फिलाडेल्फिया स्टोरी'साठी जिमीला ऑस्कर मिळालं. बापानं फोन करून विचारलं, कसलंसं बक्षीस मिळालंय म्हणे, काय आहे, बिल्ला की फळी? असू दे, जे काय असेल ते इकडं पाठव, दुकानाच्या काचेत ठेवू. आणि खरंच ठेवलं. पुढं कित्येक वर्षं तो सोन्याचा बाहुला त्या लोखंडी सामानात उभा होता. ज्यानं पोराच्या धंद्याला नाकं मुरडली त्यानंच.

आपल्या दुकानातही तसं ऑस्कर होतं, विन्या. तुझा अमेरिकेतला पदवीदानाचा फोटो, तो चौकोनी टोपी घातलेला. अण्णांनी तो काउंटरच्या काचेखाली ठेवला होता, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. कुणी खिळे घ्यायला आलं की बोट ठेवून सांगायचे, "आमचा विन्या." परका माणूस विचारायचा, थोरला का? अण्णा 'नाही' म्हणायचे नाहीत. मी शेजारी वजन करत उभा. तुला हे सांगितलं नाही, कारण मला ते झोंबत होतं. २०१९ च्या पुरात काउंटरवर पाणी चढलं, पाच दिवसांनी ओसरलं, तेव्हा काचेखाली नुसता पांढरा लगदा होता. अण्णांनी तो नखानं खरवडून बाजूला घेतला आणि कागदात गुंडाळून ठेवला. खिळ्यांची पोती गंजून एकसंध दगड झाली होती, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आता आपलं भांडण. अण्णांच्या तेराव्याला तू फोनवर म्हणालास, म्हाताऱ्यानं तुझं आयुष्य खिळ्यांच्या पोत्यात गाडलं. मी फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. तू चारदा केलास, माहीत आहे.

तुझं गणित मला समजतं. तुझ्या डोक्यात मी कायमचा जॉर्ज बेली, 'वंडरफुल लाइफ'मधला जिमी. तिसऱ्या वर्षाला अण्णांना ॲटॅक आला, मी कॉलेज सोडून गल्ल्यावर बसलो, तू विमानात बसलास. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' आपण व्हीसीआर भाड्यानं आणून बघितला तेव्हा तू अर्ध्यातून उठून बाहेर गेलास आणि म्हणालास, नुसता पाक आहे पाक, जिमी बघायचा तर 'व्हर्टिगो'त. (उंचीच्या भीतीचा तो 'व्हर्टिगो' बघून तू हॉस्टेलचा जिना कठडा धरून उतरला होतास, ते असो.) तू का उठलास ते मला तेव्हा कळलं नाही. जॉर्ज आपल्या शिक्षणाचे पैसे धाकट्याला देऊन मागं राहतो, तो प्रसंग होता. तिकिटाच्या पैशांचा विषय मी काढत नाही. तू ते फेडलेस आणि अण्णांनी परत केले, दोघांचं दोघांपाशी.

पण खरं ऐक. अण्णा वर्षभरात बरे झाले होते. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, जा, फी भरतो, राहिलेलं पुरं कर. मी म्हटलं, नको. त्यांनी आठ दिवस विचारलं. मी आठ दिवस नको म्हटलं. मला दुकान आवडायला लागलं होतं, मर्दा. सकाळी शेतकरी यायचा, मोडलेला नांगराचा बोल्ट तळहातावर ठेवून, आणि मी न मोजता बरोबर त्याच मापाचा काढून द्यायचो. त्याच्या तोंडावर जे यायचं ना, ते मला कुठल्याच पेपरात मिळालं नव्हतं. हे तुला सांगायला मला चाळीस वर्षं लागली, कारण तू माझी कीव करायचास आणि तुझं पत्र यायचं, पार्सल यायचं, जिमीच्या कॅसेटी यायच्या. ते सगळं थांबेल अशी भीती वाटली. चुकलं माझं. अण्णांवर चाळीस वर्षं तू जो राग धरलास तो माझ्या गप्प बसण्यामुळं.

जॉर्जला बाहेर पडायचं होतं, त्याला पडता आलं नाही. मला पडायचंच नव्हतं. त्या सगळ्या गोष्टीत मी कुणी असेन तर अलेक्झांडर आहे.

परवा रात्री तो सिनेमा पुन्हा लावला. एकट्यानं. बारमध्ये जॉर्ज देवाची प्रार्थना करतो तिथं थांबवून थांबवून बघितलं. ठरलेलं नसताना जिमीला तिथं खरं रडू आलं आणि दिग्दर्शक काप्राला चेहरा जवळून हवा होता, पण पुन्हा तसं रडवता येणार नव्हतं, म्हणून नंतर लॅबमध्ये ते चित्र मोठं करून घेतलं. नीट बघ, तेवढाच शॉट जरा दाणेदार दिसतो. बर्फ पडतोय आणि बाहेर कॅलिफोर्नियाचा उन्हाळा, फेसाचं बर्फ. माणूस युद्धावरून येऊन वर्षही झालं नव्हतं. आधी वजन कमी भरलं म्हणून सैन्यानं परत पाठवला होता, खाऊन खाऊन वजन वाढवून मार्च १९४१ मध्ये भरती झाला. बॉम्बर घेऊन वीस मोहिमा, कर्नल होऊन परत. आणि मग करारात लिहून घेतलं की जाहिरातीत माझ्या युद्धाचं नाव काढायचं नाही. अभिनय करणं हे आता मोठ्या माणसाचं काम आहे का, असं त्याला वाटायला लागलं होतं. त्याच सिनेमातल्या लायनेल बॅरीमोरनं समजूत काढली. सिनेमा पडला. खर्च निघाला नाही. १९७४ मध्ये कॉपीराइट संपला आणि टीव्हीवाले फुकट मिळतो म्हणून दर नाताळात लावायला लागले, तेव्हा लोकांना कळलं. अठ्ठावीस वर्षांनी.

युद्धावर निघताना बापानं त्याच्या हातात एक पाकीट दिलं होतं. आत बायबलातलं एक्याण्णवावं स्तोत्र आणि एक चिठ्ठी. माझं तुझ्यावर किती प्रेम आहे ते मला सांगता येत नाही, असं त्यात होतं. तोंडानं त्यानं ते कधीच म्हटलं नव्हतं. लोखंडाच्या दुकानात बोलायची भाषा वेगळी असते, तीत हे शब्द नसतात. अण्णांनी मला शेवटचं काय सांगितलं माहीत आहे? "चार इंची बिजागरी संपत आलीय."

म्हणून झोप येत नाही. पोरगा पुण्यात सुखी आहे, तो म्हणतो, बाबा तुम्ही ठरवाल ते. त्याला ओढून आणायचं नाही, ते पाप मी करणार नाही. पुन्हा पूर आला तर माल उचलायला माझ्यात ताकद नाही. ऑनलाइनवाले स्क्रूचं पाकीट घरपोच देतात. हे सगळं मला पटतं. पण ज्याला जबरदस्तीनं बसवलं त्यानं दुकान विकलं तर सुटका होते. मी आपणहून बसलो होतो. माझं काय होतं, हे मला कुणाला विचारायचंय, आणि विचारण्यासारखा तू एकच आहेस.

जिमी आणि त्याचा नट दोस्त हेन्री फोंडा आठव. न्यूयॉर्कला एका खोलीत राहिलेले, विमानांची मॉडेलं चिकटवत बसायचे. एक डाव्या विचारांचा, एक पक्का रिपब्लिकन. एकदा राजकारणावरून असं वाजलं की दोघांनी ठरवलं, पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि शेवटपर्यंत काढला नाही. जिमीला ऑस्कर मिळालं त्या रात्री हरलेल्यांत फोंडाही होता, 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'साठी. जिमी म्हणायचा, मी स्वतः मत फोंडाला दिलं. फोंडाला ते मिळालं १९८२ मध्ये, आणि त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच्या आजारपणात जिमी जाऊन बसायचा, दोघांनाही नीट ऐकू येत नव्हतं, ओरडून बोलायचे. आपण फोनवर नाही का ओरडायचो, तुझी ट्रंक कॉलच्या काळातली सवय अजून गेलेली नाही. मला ते ओरडणं ऐकायचंय. अण्णांचा विषय काढायचा नाही, असं मी म्हणणार नाही. उलट काढच. आता तुला सगळं माहीत झालंय.

तुझं काय? रिटायर झालास म्हणे. धाकटीच्या लग्नाचं कळलं, वहिनींना आशीर्वाद कळव, आणि शुगर सांभाळ. बाकी भेटीत.

दहा तारखेच्या आत फोन कर. इकडचे रात्री साडेनऊ धर, तुझ्याकडं दुपारचे बारा होतात, मी शटर ओढून आतच बसलेला असतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, सतार विकत नाही. मिरजेला नेऊन तारा बदलून घेतल्या. तुझ्या नावाची चिठ्ठी बांधून माळ्यावरून खाली काढलीय आणि काउंटरवर ठेवलीय, फोटो होता त्या जागी.

तुझा,
सुध्या