बाबल्या, रजा मिळालीय ना, मग बर्फावर जाऊया

देवगड
२४ जानेवारी २०२६

प्रिय बाबल्या,

काल रात्री फोनवर तू एवढंच बोललास की रजा मंजूर झाली, ३ ते १४ फेब्रुवारी, आणि यावेळी काहीही झालं तरी छोटीला बर्फ दाखवायचा आणि सगळ्यांनी स्कीइंग शिकायचं, आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. रात्री झोप लागली नाही रे मला. म्हणून बागेत जायच्या आधी हे लिहायला बसलोय. मेसेजवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं तर तू अर्धं वाचून हॉटेल बुक करून मोकळा होशील, तुझा स्वभाव मला चौथीपासून माहितीये.

पहिलं म्हणजे मी पण येतोय. आत्ताची फवारणी महिनाअखेर उरकतेय, पुढची ही बघेल गड्यांना हाताशी घेऊन, ती स्वतःच म्हणाली जा म्हणून. आंबा काढायला लागलो की मग जूनपर्यंत मान वर करायला होणार नाही. फक्त यंदा १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे आणि कुणकेश्वराच्या जत्रेला मी घरात नाही असं आजवर झालेलं नाही, तेव्हा १४ ला सकाळी कणकवलीला उतरायचं म्हणजे उतरायचं.

आता कुठे जायचं. तू मनाली म्हणालास, वहिनी काश्मीर म्हणाल्या आणि तुझ्या ऑफिसातला कोण तो औली म्हणाला. तिन्ही ठिकाणी स्की करता येतं हे खरंय, पण आपल्याकडे दहा दिवस आहेत आणि आपण चौघंही नवखे, मी धरून. मनालीजवळच्या सोलंगचा उतार छोटा आहे आणि तिथे पर्यटकांची, ट्यूबवाल्यांची, घोड्यांची इतकी दाटी असते की नवख्याला मोकळं पडायलासुद्धा जागा मिळत नाही. औली मला मनापासून आवडलं असतं, तिथे गढवाल मंडळ विकास निगमचे, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेचे, सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, समोर नंदादेवी दिसते, पण हरिद्वारपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटरच्या वर, सगळा घाटरस्ता, आणि २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून तिथला रोपवे बंद पडला. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, मग बर्फावर उरलं काय?

म्हणून मी गुलमर्ग म्हणतोय. श्रीनगरपासून पन्नास किलोमीटर, मुंबईहून सरळ विमान, आणि गावातच सौम्य उताराचं मोठं मैदान, ज्याला तिथे सगळे बेबी स्लोप म्हणतात. पहलगामनंतर वहिनींच्या मनात धाकधूक असेल तर ती मी उडवून लावणार नाही, आपल्या महाराष्ट्रातली माणसं गेली तिथे. त्यांच्याशी नीट बोल. त्या नको म्हणाल्या तर नको, मग औलीच करू, दोन दिवस स्कीइंग कमी मिळालं तरी चालेल. पण त्या हो म्हणाल्या तर मनापासून हो म्हणालेल्या असायला हव्यात, तुझ्या हट्टापायी नाही.

आणि बर्फ आहे का ते आधी बघायचं बाबल्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. फेब्रुवारी म्हणजे बर्फ असणारच असं आता राहिलेलं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, पिवळं गवत दिसत होतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे व्हायच्या खेलो इंडियाच्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून मार्चवर ढकलल्या. आपल्याकडे आंब्याचं जे झालंय तेच रे, मोहोर कधी येईल सांगता येत नाही तसं तिथे बर्फाचं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडक थंडीचे, त्याला चिल्लई कलान म्हणतात, आणि त्यानंतरचे वीस दिवस चिल्लई खुर्द. आपण जाणार ते त्या वीस दिवसांत, म्हणजे हिशेबाने बर्फ असायला हवा, पण हिशेबावर तिकीट काढू नको. रोज सकाळी गुलमर्गचे ताजे व्हिडिओ बघ, हॉटेलवाल्याला फोन करून आत्ताचा फोटो मागव, आणि फुकट कॅन्सल होईल असंच बुकिंग कर.

मी २०२३ ला मावसभावाबरोबर गेलो होतो ते तुला माहितीये, पण काय झालं ते मी कधी नीट सांगितलं नाही. सहा दिवसांची ट्रिप आणि त्यातले स्कीवर फक्त दोन. एक दिवस दल लेक, एक दिवस बागा, एक दिवस गाडीतच. पहिल्या दिवशी मी भाड्याचे बूट एक नंबर मोठे घेतले, पाय आवळले जातात म्हणून, आणि वर दोन-दोन सुती मोजे घातले. तासाभरात मोजे घामाने ओले, पाय बधिर, आणि बूट आत हलत असल्यामुळे नडगी सोलवटून निघाली. शिकवणाऱ्याशी पैशाचं आधी काही ठरवलं नव्हतं, संध्याकाळी वाद झाला, त्यात मन उतरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे पहिल्यांदा मी स्वतःहून वळलो आणि स्वतःहून थांबलो. मागे बघितलं तर माझ्याच दोन रेघा बर्फात उमटल्या होत्या. बाबल्या, ४६ वर्षांचा माणूस मी, माझे डोळे भरून आले. आणि दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. तेव्हापासून मनात आहे की एकदा फक्त त्यासाठीच जायचं.

म्हणून यावेळी माझं एकच म्हणणं आहे, पाच पूर्ण दिवस त्याच उतारावर. ३ ला रात्री कोकणकन्या, मी कणकवलीला चढतो, तुम्ही रत्नागिरीला, ४ ला पहाटे मुंबई, मग विमानाने श्रीनगर आणि तिथेच मुक्काम. ५ ला वर गुलमर्ग. तो दिवस नुसतं फिरायचं आणि पाणी प्यायचं, आपण समुद्राच्या काठची माणसं आणि ते २६५० मीटरवर, डोकं जरा जड होतंच. तुझ्या बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचार, आणि बाईकवरून पडला होतास तो गुडघा पण दाखवून घे. ६ ते १० स्कीइंग. ११ ला खाली श्रीनगर, १२ तारीख मोकळी ठेवायची कारण बर्फ पडला की विमानं रद्द होतात, १३ ला मुंबई आणि रात्रीची गाडी. विमानांचा फारच घोळ झाला तर आता श्रीनगरहून कटऱ्यापर्यंत वंदे भारत आहे, गेल्या जूनपासून सुरू झालीय, आणि चिनाब नदीवरचा तो ३५९ मीटर उंचीचा पूल आहे ना, तो आपल्या कोकण रेल्वेने उभारलाय. मला तर वाटतं कधीतरी मुद्दाम त्या गाडीने जावं.

गाडीचं वेटिंग आत्ताच भरपूर दिसतंय. २ तारखेला सकाळी १० ला एसीचं तत्काळ उघडतं, तुझ्या अकाउंटला आधार जोडलेलं नसेल तर आजच जोड, त्याशिवाय आता तत्काळ निघत नाही. परतीचं तत्काळ १२ ला श्रीनगरात बसून काढावं लागेल आणि तिथे आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, नाहीतर ओटीपीच यायचा नाही. माझं पोस्टपेड आहे पण एकाच्या भरवशावर नको, तुझं पण करून घे.

हॉटेल बेबी स्लोपपासून चालत जाता येईल असंच बघ, भले खोली लहान असूदे. स्कीचे बूट घालून बर्फातून अर्धा किलोमीटर चालणं म्हणजे छोटीचा सगळा जीव तिथेच जाईल. हीटिंग रात्रभर असतं का हे विचार, बुखारी म्हणजे लाकडाची शेगडी असली तर फार बरं, रात्री बुटाचं आतलं अस्तर काढून शेजारी वाळत ठेवता येतं. ओला बूट सकाळी घालणं म्हणजे शिक्षा आहे. तंगमर्गच्या वर शेवटचे तेरा किलोमीटर चढ आहे, ताजा बर्फ असला तर साखळ्या लावलेल्या गाडीत बदलावं लागतं, त्याचे पैसे बाजूला धर.

तिथे स्कीइंगची सरकारी संस्था पण आहे, पण त्यांचा कोर्स दोन आठवड्यांचा, आपल्याला जमणार नाही. आपण चौघांत मिळून एकच शिकवणारा पाच दिवसांसाठी घेऊ, रोज नवा माणूस नको. आधी बोलून घ्यायचं: रोज किती तास, चौघांचे मिळून किती, स्की-बूट-हेल्मेट त्यात की वेगळं, ड्रॅग लिफ्टचे, म्हणजे स्कीवर उभं असताना दोरीने वर ओढून नेतात त्याचे, पैसे कोणाचे. आणि हेल्मेट सगळ्यांना, याच्यावर मी ऐकणार नाही.

कपड्यांचं वहिनींना सांग की नवीन फार काही घेऊ नका. थर्मलचे दोन जोड, वर एक फ्लीस, आणि बाहेरचा स्कीचा सूट तिथे भाड्याने मिळतो. सुती काहीही आतून नको, सुती ओलं झालं की अंगावरच गार पडतं. मोजे लोकरीचे, पातळ, एका वेळी एकच. आपला बाईकवरचा रेनकोट आणायचं तुझ्या डोक्यात येईल म्हणून आत्ताच सांगतो, नको. घाम आत साठतो आणि तो इतका गुळगुळीत असतो की पडल्यावर माणूस थांबत नाही, घसरतच खाली जातो. गॉगल आणि सनस्क्रीन मात्र हवंच. तू म्हणशील आपण उन्हातलीच माणसं, पण आपली वाळू जेमतेम १५ टक्के अतिनील किरणं परत फेकते, आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. हनुवटीखाली, नाकाच्या आत सुद्धा भाजतं.

बूट घेताना सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच उचलली जायला नको. स्की नवख्याला हनुवटीपर्यंतच्या पुरतात. आणि वजन खरं सांगायचं, चारचौघांत अवघड वाटलं तरी, कारण स्कीला बूट धरून ठेवणारी जी पकड असते ती वजनावरून बसवतात. वजन चुकलं तर पडल्यावर ती सुटायची तेव्हा सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

आता उभं कसं राहायचं. आठवतं, काका आपल्याला होडीत उभं राहायला शिकवायचे, गुडघे मोकळे सोडा, लाट पायातून जाऊदे म्हणायचे? तेच हे. पण एक गोष्ट उलटी आहे आणि तीच सगळ्यात अवघड जाते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरताना आपण मागे रेलतो ना, अंगात मुरलंय ते आपल्या. स्कीवर मागे रेललास की गेलास, पुढची टोकं हलकी होतात आणि स्की तुझ्या ताब्यातून सुटतात. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून धरायची, नजर लांब, हात पुढे, जणू समोर कोणी ताट देतंय. वेग कमी करायला पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, उतरत्या कौलांच्या छपरासारखा आकार होतो बघ, मग टाचा बाहेर ढकलायच्या. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार. पडायचंच झालं तर कुशीवर, चढाच्या बाजूला पड, हात टेकायला जाऊ नको आणि काठ्या सोडून दे, काठी मुठीत राहिली की अंगठ्याला इजा होते. पहिले दोन दिवस तर काठ्या घेऊच नका म्हणेन मी.

छोटी आपल्या सगळ्यांच्या आधी शिकेल, तिला भीती आणि उंची दोन्ही कमी. तिला आपल्याबरोबर रेंगाळत ठेवू नको.

गोंडोला म्हणजे तिथला रोपवे, त्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, लवकर संपतं. पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीला, एक दिवस नुसतं बघायला जाऊ. दुसरा टप्पा अफरवटला ३९०० मीटरच्या वर जातो, तिथून खाली स्कीवर यायचं नाव पण काढायचं नाही. तो जाणकारांचा भाग आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या त्याच वरच्या भागात हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला.

आजपासून रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, आधी अर्धा मिनिट, मग वाढवत न्यायचं, वहिनींनी पण. आणि ऑफिसची लिफ्ट बंद. दहा दिवसांत फार काही होणार नाही पण मांड्या तिसऱ्या दिवशी साथ देतील. इन्शुरन्स काढताना त्यात स्कीइंग धरलंय का ते विचारून घे, बऱ्याच पॉलिसीत ते वगळलेलं असतं.

मी इकडून कुळथाची पिठी, सोलं आणि भाजलेले काजू घेतोय. हॉटेलवाल्याकडे गरम पाणी आणि एक पातेलं मिळालं की रात्रीची पिठी मी करीन, दिवसभर थंडीत पडून उठून आल्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

तू आज रात्री आधी वहिनींशी बोल. त्या हो म्हणाल्या तर लगेच मला तिघांची उंची, वजन आणि बुटांचे नंबर पाठव, विमानाचं मी उद्या दुपारी कुडाळच्या एजंटकडे बसून करून टाकतो, रविवार असला तरी तो दुकान उघडतो.

तुझा,
बाळू