'आदानप्रदाना'तलं आदान कोण करणार?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला 'युथ एक्स्चेंज'वरचा, म्हणजे शाळकरी मुलांनी वर्षभर परदेशात यजमान कुटुंबाकडे राहायचं आणि तिकडच्या मुलांनी इकडे, यावरचा लेख वाचला. मुलाखती छान, फोटो त्याहून छान. या मुलांचे देशोदेशीच्या पिनांनी मढलेले ते ब्लेझर पाहिले की अजूनही माझा चष्मा धुरकटतो. पण अख्खा लेख मूल पाठवायचं कसं यावरच संपला. बदल्यात जे मूल येतं ते कोणाच्या घरी झोपतं, यावर एक ओळही नाही. 'आदानप्रदान' या शब्दातलं नुसतं प्रदान छापून आलं.

मी निवृत्त शिक्षिका. एका सेवाभावी क्लबात अकरा वर्षं या कामाची स्वयंसेवक आहे, तेव्हा थोडं भांडायचा हक्क मला असावा.

लेखातल्या चौकटीला 'स्वस्तात परदेशी वर्ष' असा मथळा होता. स्वस्त कशामुळे? तिकीट, विमा, व्हिसा पालकांकडे. राहणं-जेवण यजमान कुटुंबाकडे. थोडा हातखर्च तिथला क्लब देतो. शाळेत नाव घालणं, विमानतळावर रात्री अडीचला उभं राहणं, ताप आला की डॉक्टरकडे नेणं, हे सगळं बिनपगारी माणसं करतात. तुमचं वर्ष स्वस्त पडतं, कारण दुसरं कोणीतरी ते फुकट राबून उभं करतं.

ज्यांनी हे सुरू केलं त्यांच्या डोक्यात 'संधी' वगैरे शब्द नसावेत. रोटरीत याची सुरुवात १९२७ साली फ्रान्समधल्या नीसच्या क्लबाने केली. मुलांची अशीच देवाणघेवाण करणारी एएफएस (अमेरिकन फील्ड सर्व्हिस) तर मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक चालकांची संघटना. दुसरं युद्ध संपल्यावर तिने शाळकरी मुलांची देवाणघेवाण हाती घेतली. स्ट्रेचर उचलून खांदे दुखलेली माणसं होती ती.

आता घरातलं सांगते. मूल आलं की पहिल्या रात्री यजमानांनी त्याच्यासोबत बसून एक प्रश्नावली सोडवायची असते. 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' असंच तिला म्हणतात. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मळके कपडे कुठे टाकू? अंघोळीची वेळ कोणती? भूक लागली तर फ्रिज आपणहून उघडू का? कुठल्या खोलीत जायचं नाही? मला आधी हा पोरखेळ वाटला. आमच्याकडे पहिली मुलगी आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, हे घर तुझंच आहे, विचारायचं काय त्यात!" आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. चार दिवसांनी कळलं की ती रात्री उपाशी झोपते, कारण फ्रिजला हात लावायचा धीर होत नाही. सोळा वर्षांची पोर. त्या रात्री दहा वाजता कागद काढून आम्ही तिघं बसलो. 'हे घर तुझंच' या वाक्याने काहीही कळत नाही, हे मला, आयुष्यभर मुलांत वावरलेल्या बाईला, तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट काउन्सेलरची. प्रत्येक मुलाला क्लबातला एक काउन्सेलर, म्हणजे अडीअडचण सांगायला हक्काचं माणूस, मिळतो आणि तो यजमान कुटुंबातला असून चालत नाही. उगाच केलेला नियम नाही हा. मी काउन्सेलर असताना एक मुलगा दर आठवड्याला भेटायचा आणि 'सगळं मस्त' म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात एकदा स्कूटरवर मागे बसल्यावर बोलला. समोरासमोर त्याला जमत नव्हतं, माझ्या पाठीला सांगणं जमलं. तक्रार क्षुल्लक होती, पण यजमानांच्या घरात तो ती कधीच बोलू शकला नसता. माझ्या अनुभवात घरची आठवण पहिल्या आठवड्यात फार छळत नाही. सगळं नवं असतं. छळते ती नवलाई ओसरल्यावर, सणासुदीला.

यजमान व्हायचं तर घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची चौकशी होते, स्वयंसेवक घर पाहून जातात, मूल राहायला आल्यावरही येतात. आमचे 'हे' चिडले होते: "साठी उलटल्यावर मला चारित्र्याचा दाखला मागतात!" मी म्हटलं, आपली मुलगी अशा अनोळखी घरी राहणार असती तर? पुढचा अर्ज त्यांनी स्वतः भरला, कुरकुरत का होईना.

आणि आता खरं दुखणं. वर्षभरासाठी आलेल्या मुलाला साधारण तीन घरं लागतात. मूल पाठवताना पालक हात जोडून म्हणतात, "आमचं घर सदैव उघडं." मूल सुखरूप परत आलं की धाकट्याची परीक्षा निघते, आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघतं, घराला रंग द्यायचा असतो. अडचणी खोट्या नसतात, हे मान्य. पण ज्या घराने तुमच्या मुलाला वाढलं, त्यांच्याकडेही परीक्षा आणि गुडघे असतीलच की!

लोकांना वाटतं घरात त्याच वयाचं मूल हवं, मोठा बंगला हवा, फाडफाड इंग्रजी हवं. यातलं काही लागत नाही. आमच्या क्लबात मुलासाठी स्वतंत्र पलंग लागतो, अभ्यासाला जागा लागते आणि चौकशीला तोंड द्यायची तयारी लागते. मुलं उडून गेलेली आमच्यासारखी जोडपी तर उत्तम. वेळ असतो आणि पोरांच्या बडबडीचा कंटाळा येत नाही. ज्या मुलाचे आपण काउन्सेलर, त्यालाच घरी ठेवता येत नाही, एवढं सांभाळायचं.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या लेखात एखाद्या यजमान घराचाही फोटो छापा. ब्लेझर नसेल, चालेल. या वर्षीचा मुलगा दोन महिन्यांनी येतोय. दोन घरं ठरली आहेत. तिसऱ्यासाठी मी काल सातवा फोन केला. "विचार करून सांगतो" म्हणाले आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका
(पत्रातली मुलं ओळखू येऊ नयेत, म्हणून कृपया माझं नाव छापू नये.)