रोध वाढला की उष्णता वाढते?

महोदय,

रविवार पुरवणीतल्या विज्ञानविषयक लेखात ‘रोध जितका जास्त, तितकी उष्णता जास्त’ असे सरसकट विधान आहे. (रोध म्हणजे तारेतून जाणाऱ्या करंटला होणारा अडथळा.) तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना हीच चूक मी लाल शाईने खोडत आले, म्हणून राहवले नाही.

घरातली उपकरणे समांतर जोडलेली असतात, म्हणजे व्होल्टेज सगळ्यांना सारखेच. 230 व्होल्टवर 1000 वॉटचा हीटर साधारण 4.35 अँपिअर करंट घेतो. 230 ला 4.35 ने भागा, रोध येतो सुमारे 53 ओहम. 100 वॉटच्या जुन्या तारेच्या दिव्याचा रोध मात्र 529 ओहम! दसपट रोध आणि उष्णता कितीतरी कमी. लेखकाने करंटचा वर्ग गुणिले रोध हे सूत्र घेतले. सूत्र बरोबरच आहे, पण रोध बदलला की करंटही बदलतो, हे ते विसरले. एकसरी जोडणीत, म्हणजे उपकरणे एकामागोमाग एक जोडल्यावर, जिथे करंट सारखा असतो, तिथे त्यांचे म्हणणे खरे ठरेल.

व्होल्टेज 200 वर घसरले तर तोच हीटर 756 वॉटच देतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. पाणी तापायला वेळ का लागतो, ते इथे कळते.

जाता जाता: तो दिवा थंड असताना मल्टीमीटर लावून पाहा. 529 च्या आसपासही आकडा दिसणार नाही, फारच कमी दिसेल. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध अनेक पटींनी वाढतो. माझे विद्यार्थी दरवर्षी इथेच फसायचे. (पहिल्या वर्षी मीही.)

पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका