तुझ्या 'खुनी' कॅप्टनबद्दल

प्रिय अभ्या,

तुझा मेसेज रात्री उशिरा आला. 'टूविक्स बघितला. तुझी जेनवे खुनी आहे. विषय संपला.' लगेच उत्तर द्यायला घेतलं होतं, पण फोनवर अंगठ्याने लिहून भागण्यातलं हे प्रकरण नाही, म्हणून चांगला चहा करून, वही घेऊन बसले आहे. जेनवे ज्या अंतराळजहाजाची कॅप्टन आहे त्या 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' मालिकेचा हा भाग मे १९९६ मध्ये पहिल्यांदा दाखवला आणि तेव्हापासून लोक त्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटतायत. तुझ्या तीन वाक्यांनी तो संपायचा नाही.

आधी तुझं जेवढं बरोबर आहे तेवढं देऊन टाकते. जेनवे त्या भागात करते ते भयंकरच आहे. तिच्या जहाजावरचा सुरक्षा अधिकारी टुवॉक आणि स्वयंपाकी नीलिक्स एका ग्रहावर झाडपाला गोळा करायला जातात, परतताना माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणारा ट्रान्सपोर्टर गडबडतो आणि दोघांचा मिळून एकच माणूस, टूविक्स, जहाजावर उतरतो. बरं, हा गडी दोघांपेक्षा उजवा! नीलिक्सपेक्षा बरा स्वयंपाक करतो, टुवॉकइतकीच चोख ड्यूटी करतो आणि वर हसतमुख. बघता बघता सगळ्यांचा लाडका होतो. मग डॉक्टरला दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते, आणि टूविक्स म्हणतो, मला जगायचंय. ब्रिजवर तो एकेकाकडे बघून गयावया करतो आणि एकही जण तोंडातून शब्द काढत नाही. डॉक्टर, जो स्वतः निव्वळ होलोग्राम, तोसुद्धा सांगतो की रुग्णाच्या मर्जीविरुद्ध त्याचा जीव मी घेणार नाही. मग जेनवे स्वतः पुढे होते आणि स्वतःच्या हाताने ते उरकते. नंतर ती कॉरिडॉरमध्ये येते तेव्हाचा केट मल्ग्रूचा चेहरा बघ पुन्हा एकदा. पाठीमागे टुवॉक आणि नीलिक्स जिवंत उभे आहेत, आणि ही असा चेहरा करून चालतेय की आता हिला कुणी हाक मारू नये. संवाद नाही, लॉग म्हणजे कॅप्टनची रोजनिशी नाही. भाग संपला.

तर तू खून म्हणालास, म्हण. मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून.

'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' मालिकेतला 'इन द पेल मूनलाइट' बघून तू मला फोन केला होतास. आवाजात नुसता उत्साह! "काय कॅरेक्टर लिहिलंय यार, काय माणूस आहे!" आता तिथला कॅप्टन सिस्कोने त्या भागात काय केलंय ते मांडून बघू. रोम्युलन या परग्रहवासीयांना आपल्या बाजूने युद्धात ओढायचं म्हणून तो खोटा पुरावा बनवून घेतो. त्यासाठी तुरुंगातला बनावटखोर सोडवतो, लाच देतो, जे कुणाच्या हाती पडू नये असं जैविक जेल देऊन टाकतो. रोम्युलन सिनेटरला बनाव कळतो, तेव्हा सिस्कोचा साथीदार, माजी हेर गॅराक त्याचं यान उडवतो आणि त्या बनावटखोरालाही संपवतो. सिस्को गॅराकला दोन ठोसे लगावतो, मग खोलीत बसून, हातात ग्लास घेऊन, आपल्या लॉगला सगळं सांगतो, हे मला पचवता येईल म्हणतो आणि लॉग पुसून टाकतो. १९९८ पासून आजपर्यंत चाहत्यांच्या 'सर्वोत्तम भागां'च्या यादीतून हा भाग हललेला नाही. माझ्याही यादीत आहेच, सिस्को झालेला एव्हरी ब्रुक्स काय बोललाय त्यात! पण सिस्कोला खुनी म्हणून विषय संपवलेला मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या वाट्याला येतं ते 'गुंतागुंतीचं व्यक्तिमत्त्व'.

तू म्हणशील, सिस्को युद्धात होता आणि सिनेटर काही डोळ्यांसमोर रडत नव्हता. मान्य. मग 'एंटरप्राइज' मालिकेतला 'सिमिलिट्यूड' घे, २००३ चा. जहाजाचा इंजिनिअर ट्रिप कोमात गेलाय, त्याला मेंदूतला पेशीसमूह हवाय, म्हणून त्याचा हुबेहूब दुसरा देह वाढवला जातो. तो भराभर मोठा होतो, बोलतो, प्रेमात पडतो, आणि शस्त्रक्रियेनंतर आपण वाचणार नाही हे कळल्यावर कॅप्टन आर्चरला विचारतो की मी नाही म्हटलं तर? आर्चर त्याला तोंडावर सांगतो की वेळ पडली तर तुला मारूनही मी ट्रिपला वाचवीन. शेवटी तो बिचारा स्वतःहून तयार होतो, हा फरक मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. पण आर्चरचा इरादा जेनवेच्या इराद्याहून कुठे वेगळा होता? तरी त्या भागाची आठवण निघते ती 'किती रडवतो' म्हणून, आर्चरवरच्या आरोपपत्रासाठी नाही.

मला हाच हिशेब खटकतो. पुरुष कॅप्टनने वाईट केलं की आपण त्याच्या मनात डोकावतो, त्याला काय वाटलं असेल याचा विचार करतो. बाई कॅप्टनने केलं की आपण खुर्चीवर बसून निकाल देतो, आणि निकालात तिचं कृत्य असतंच, शिवाय तिचा आवाज असतो, केस असतात. जेनवेच्या अंबाड्यावर लोकांनी काय काय तोंडसुख घेतलंय! निर्मात्यांनाही त्या केसांनी इतकं पछाडलं होतं की पहिल्या काही सीझनमध्ये ते सारखे बदलत राहिले. मला तर वाटतं तो अंबाडा काही वाईट नव्हता. असो.

हे आजचं नाही. अगदी मुळाशी जाऊन बघ. १९६४ साली चित्रित झालेला 'द केज' हा 'स्टार ट्रेक'चा पहिला पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुन्याचा भाग. त्यात कॅप्टन पाइकच्या खालोखाल अधिकार असलेली एक बाई आहे, तिला नावही नाही, नुसती 'नंबर वन'. मॅजेल बॅरेटने केली होती. शांत, थंड डोक्याची, भावना चेहऱ्यावर येऊ न देणारी, कॅप्टन पळवला गेल्यावर जहाज सांभाळणारी. आणि गंमत म्हणजे त्याच पायलटमध्ये पुढे थंड डोक्यासाठी गाजलेला स्पॉक ओरडतो, एका परग्रहावरची गुणगुणती निळी पानं हातात धरून चक्क दात काढून हसतो! एनबीसी चॅनेलने तो पायलट नाकारला, दुसरा करायला लावला. नंबर वन गेली. तिचा थंडपणा आणि तर्कशुद्धपणा काढून स्पॉकला चिकटवला, आणि त्याच्यावर अर्धं जग फिदा झालं. बॅरेटला परत घेतलं ते सोनेरी केसांची नर्स चॅपल म्हणून, जी स्पॉककडे बघून उसासे टाकते. बाईचा थंडपणा पुरुषाला दिला आणि बाईला त्या पुरुषाच्या प्रेमात पाडलं. यावर मी आणखी काय बोलू?

पुढचं ऐक. 'स्टार ट्रेक'चा जनक जीन रॉडनबेरी नंतर वर्षानुवर्षं सांगत असे की पायलट दाखवून मत घ्यायला बोलावलेल्या प्रेक्षक बायकांनाच नंबर वन आवडली नाही, ही स्वतःला समजते कोण असं त्या म्हणाल्या. झालं, बाईच बाईची वैरी, टाळ्या! पण निर्मितीत त्याच्याबरोबर असलेल्या हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात वेगळंच लिहिलं. त्यांच्या म्हणण्यानुसार चॅनेलचा बाईला विरोध नव्हता, रॉडनबेरीने आपल्या प्रेयसीला, म्हणजे बॅरेटला, घुसवलं याला होता. (पुढे १९६९ मध्ये त्या दोघांनी लग्न केलं.) खरं कुणाचं ते आता देव जाणे, पण खापर फोडायला प्रेक्षक बायकांचं डोकं किती सोयीचं पडलं बघ.

बायका धुतल्या तांदळासारख्या आहेत असं मात्र मी म्हणत नाहीये. तू मागे ज्या 'मेरी स्यू'ची शिवी 'डिस्कव्हरी'च्या नायिकेला, मायकेल बर्नमला घातलीस ना, ती एका बाईचीच देणगी आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या चाहतीने 'मेनाजरी' या फॅन मासिकात एक छोटीशी टवाळ गोष्ट लिहिली. त्यात साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू मूळ मालिकेतल्या एंटरप्राइज जहाजावर येते, कॅप्टन कर्क तिच्यावर भाळतो, ती जहाज चालवते, सगळ्यांना वाचवते, बक्षिसं मिळवते आणि सगळ्यांच्या हुंदक्यांत मरते. तेव्हा हाताने टाइप करून, सायक्लोस्टाइल करून 'स्टार ट्रेक'च्या गोष्टी लिहिणाऱ्यांत बायकांचाच भरणा होता, आणि ही टवाळी त्यांच्यातल्या नवशिक्यांची होती. घरातली थट्टा म्हण. ती घराबाहेर पडली आणि कामात हुशार असलेल्या प्रत्येक नायिकेच्या डोक्यात घालायचा सोटा झाली. कर्क कोवळ्या वयात कॅप्टन होतो, दर आठवड्याला जग वाचवतो, प्रत्येक ग्रहावर त्याच्यावर कुणी ना कुणी भाळतंच, त्याला मात्र हे नाव सहसा चिकटत नाही.

बर्नमबद्दल तुझी तक्रार निम्मी मला पटते. 'डिस्कव्हरी'त अख्ख्या आकाशगंगेचं भवितव्य दर सीझनला तिच्याच खांद्यावर येऊन बसतं, बाकीच्या ब्रिजवरच्या मंडळींची नावंसुद्धा आपल्याला धड लक्षात राहत नाहीत. हा लिखाणाचा दोष आहे आणि तो सांगायलाच हवा. बर्नम झालेली सोनेक्वा मार्टिन-ग्रीन जीव तोडून काम करते म्हणून तो माफ होत नाही. पण 'नेक्स्ट जनरेशन'चा वेस्ली क्रशर आठव. तोही असाच, पोरसवदा वयात जहाज वाचवणारा. चाहत्यांनी त्याला मनसोक्त झोडपलं, इतकं की ते काम करणाऱ्या बिचाऱ्या विल व्हीटनला वर्षानुवर्षं त्याचा त्रास झाला. तरी वेस्ली फसला म्हणून 'मालिकेत पोरगे आणूच नयेत' असं कुणी म्हणालं नाही. वेस्लीचं वाईट वेस्लीपाशी राहिलं. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेत 'डॉक्टर' या नायकाच्या भूमिकेत जोडी व्हिटेकर ही बाई आली, २०१८ ते २०२२ या काळात तिच्या वाट्याला बरेच फुसके भाग आले, आणि निष्कर्ष काय निघाला? डॉक्टर बाई असूच नये. आधीच्या पुरुष डॉक्टरांना काय सगळ्या सोन्याच्या पटकथा मिळाल्या होत्या?

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण, नाहीतर तू ते काढशीलच. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या दुसऱ्या अंतराळ मालिकेतली अध्यक्ष लॉरा रोझलिन. ही बाई कैद्यांना एअरलॉकमधून अंतराळात फेकायला लावते, गर्भपातावर बंदी घालते, निवडणुकीत चक्क मतांची हेराफेरी करायला मान्यता देते. तरी चाहते तिच्यावर जीव टाकतात, तिच्या एअरलॉकचे विनोद होतात. मग जेनवेच का अडकली? मला वाटतं रोझलिनशी भांडायला मालिकेतच माणसं आहेत. अॅडामा भांडतो, बाल्टर भांडतो, ती पुढच्या भागात त्याची किंमत मोजते. जेनवेला लेखकांनी तशी सोबतच दिली नाही. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब, वर विचारायला अॅडमिरल नाही, आणि टूविक्स मेल्यानंतर पुढच्या आठवड्यात जहाजावर त्याचं नावही कुणी काढत नाही. तिच्या हाताखालचा अधिकारी चाकोटे एकदा तरी तिच्या खोलीत जाऊन म्हणाला असता, कॅथरीन, हे बरं नाही झालं! सिस्कोला निदान लॉगशी बोलायला दिलं. हिला नुसतं चालायला लावलं. मालिकेने चर्चा केली नाही म्हणून ती चाहत्यांच्या पदरात पडली, आणि चाहत्यांनी ती आपल्या सवयीप्रमाणे केली. २०२३ मध्ये 'लोअर डेक्स' या 'स्टार ट्रेक'च्याच कार्टून मालिकेने त्याच प्रकरणावर आख्खा विनोदी भाग केला, म्हणजे ठसठस अजून गेलेली नाही.

जेनवेचं लिखाण धरसोडीचं आहे हे मीही म्हणते. एका भागात नियमावर बोट ठेवून बसणार, दुसऱ्यात बोर्ग या अर्धयंत्र शत्रूशी हातमिळवणी करणार. पण तुला बोर्गमधून सुटून जहाजावर आलेली सेव्हन आवडते ना? १९९७ मध्ये तिला आणलं तेव्हा तो चापूनचोपून बसवलेला चंदेरी सूट बघून नाकं मुरडणारे कमी नव्हते, आणि ती का आणली हेही उघड होतं. तिचं काम करणाऱ्या जेरी रायनने त्या सुटातूनही माणूस उभं केलं. पण ती जी 'माणूस' होत जाते ती कुणाशी भांडून? जेनवेशीच. दोन बायका आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला स्वातंत्र्य, कर्तव्य, एकटेपणा यांवर तावातावाने वाद घालतायत असं टीव्हीवर त्या काळी कितीसं होतं? केट मल्ग्रू त्या वेळी सेटवर जेरी रायनशी नीट वागली नाही, हे तिने स्वतःच पुढे जाहीरपणे मान्य केलंय. पडद्यावर मात्र ते दोघींच्या कामात उतरलंय, चांगल्या अर्थाने.

जाता जाता एक गोष्ट, तुला कॉफीचं वेड म्हणून. २०१५ च्या एप्रिलमध्ये सामान्था क्रिस्तोफोरेत्ती ही इटालियन अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होती. एस्प्रेसो मशीन घेऊन मालवाहू यान येत होतं, तर या बाईने 'व्हॉयेजर'चा गणवेश घालून फोटो काढला आणि जेनवेचा 'त्या तेजोमेघात कॉफी आहे' हा डायलॉग टाकला. खऱ्याखुऱ्या अंतराळात, खरीखुरी अंतराळवीर! अंबाड्यावर लिहिणाऱ्यांतलं कुणी कुठे पोचलं ते काही मला माहीत नाही.

तर टूविक्सचा निकाल तू तुझ्यापाशी ठेव. मला एवढंच हवंय की पाचव्या सीझनमधला 'काउंटरपॉइंट' बघ. त्यात काशिक नावाचा एक अधिकारी जेनवेच्या जहाजाची झडती घ्यायला येतो, संगीत लावतो, गोड बोलतो. पुढचं सांगत नाही. बघताना तिच्या डोळ्यांकडे लक्ष ठेव आणि ती कधीपासून ओळखून आहे ते मला कळव. माझा अंदाज मी घरी लिहून ठेवला आहे, आपण ताडून बघू. आणि हो, दिवाळीत येणार असशील तर आधी सांग, मागच्या वेळेसारखा दारात येऊन फोन करू नकोस.

काकूंना नमस्कार सांग, छोटीला पापा.

तुझी,
सुमेधा